मिसिंग, स्कॅनर आणि चार नोझल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

जुन्या डिझेल पिकअपच्या मिसिंगवर, म्हणजे एखादा सिलिंडर पेट न घेण्यावर, मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. मेलेला सिलिंडर शोधायला नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपांचे नट एकेक करून सैल करणं हा धोकादायक गावठी जुगाड आहे, सरळ स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधून बिघाड वाचणारं यंत्र) लावावा, हा पहिला. आणि एवढी शोधाशोध करण्यापेक्षा चारही नोझल बदलले असते तर गाडी लवकर धंद्याला लागली असती, हा दुसरा.

त्या गाडीला स्कॅनर लावायचा कुठे? पंप मेकॅनिकल, ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, पत्ता नाही. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या, गाडीबद्दल मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. तिथे रेलमध्ये १,६०० बारच्या घरात दाब असू शकतो, चालू इंजिनवर त्या पाइपांना पाना लावायचाच नाही. डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत हाताची वाट लागते. असं कुणाचं झालं तर मलम चोळत बसू नये, तडक हॉस्पिटल गाठावं. मेकॅनिकल पंपावर नट थोडा सैल केला की दाब तिथेच मोडतो आणि डिझेल झिरपतं. तरीही डोळ्यांवर चष्मा, नटावर फडकं हवंच, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) डिझेल सांडू द्यायचं नाही. बाहेर काढलेल्या नोझलच्या फवाऱ्यापुढे तर कधीच हात धरू नये, मग गाडी कितीही जुनी असो.

आता नोझल. आयडलला ८०० आरपीएम धरले तर चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १,६०० वेळा पेट घेतं. एक सिलिंडर मेला की त्यातले ४०० ठोके गळतात, आणि ते ठरावीक तालात गळतात. डिझेल लाइनने हवा धरली असेल तर असा ताल नसतो; इंजिन मध्येच गडगडतं, मध्येच सावरतं. या गाडीची धडधड एका तालात होती, म्हणून पाना हातात घेतला. एक, दोन आणि चार नंबरचा नट सैल करून त्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिन आणखी मंदावायचं. तीनचा केला, आवाजात काडीचा फरक नाही. पण सायलेन्सरमधून येणारा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर कमी झाला! म्हणजे तीन नंबरला डिझेल पोचत होतं, जळत नव्हतं. स्कॅनर असता तरी सिलिंडरचा नंबर सांगून थांबला असता, बिघाडाचं कारण आपल्यालाच शोधावं लागलं असतं.

मग दोन आणि तीनचे नोझल आपसात बदलले. तांब्याचे वॉशर नवे घातले. जुना वॉशर खाली चिकटून राहतो आणि त्यावर दुसरा बसतो, ही नेहमीची भानगड, टॉर्च मारून बघावं. नोझल खराब असता तर मिसिंग त्याच्याबरोबर दोनवर गेलं असतं. ते तीनवरच राहिलं. टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) उघडलं तर तीनच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला (धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेला) गॅपच नाही, म्हणजे तो दाबणाऱ्या रॉकरशी फटच उरली नव्हती. असा व्हॉल्व्ह सीटवर (त्याच्या बसायच्या कडेवर) पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटला जात नाही आणि तो कडेने जळतो. गॅप सेट करूनही कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) कमीच भरलं, म्हणून हेड (सिलिंडरवरचा भाग) खोललं. व्हॉल्व्ह जळालेला होता. चार नवे नोझल घातले असते तर मालकाचे पैसे गेले असते आणि गाडी तशीच धडधडत मंडईत गेली असती.

नोझल बदलणं चूकच, असं मी म्हणत नाही. काळा धूर, खाडखाड आवाज आणि टेस्टिंगला फवाऱ्याऐवजी थेंब पडत असतील तर खुशाल बदला.

तुमची स्वतःची गाडी सकाळी दोन मिनिटं मिसिंग करते आणि मग सुधारते, असंही तुम्ही लिहिलंय. तिथे मी नटाला हात लावणार नाही. उद्या सकाळी स्टार्टर मारण्याआधी फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. त्याने गाडी पहिल्या झटक्यात नीट चालली तर रात्रीत लाइन हवा ओढते आहे. टाकीपासून पंपापर्यंतचे पाइप, क्लिपा आणि बँजो वॉशर (पाइपांच्या जोडांतले वॉशर) तपासा. फरक पडला नाही तर हीटर प्लगची (गार इंजिनात सिलिंडर तापवणाऱ्या प्लगची) पट्टी काढून बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्पने एकेक प्लग बघा. ज्यावर बल्ब लागणार नाही तो गेलेला. चारही चांगले निघाले तर इंजिन गार असतानाच कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि आकडे मला कळवा.