मागणी आहे, अडलंय ते हक्कांपाशी

‘जुने गेम परत येत नाहीत कारण त्यांना मागणी नाही’ हे जुन्या कॉम्प्युटर गेमवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. अंबाजोगाईच्या सायबर कॅफेत दहा रुपये तासानं आम्ही रोड रॅश हा मोटारसायकल शर्यतीचा, मारामारीचा गेम खेळायचो. एका खुर्चीवर दोघं, एकाकडं बाणाची बटणं, दुसऱ्याकडं लाथा-बुक्क्यांची. लाईट गेली की अख्खा कॅफे ओरडायचा. आजही दिवाळीला गावाकडं जमलो की तोच विषय निघतो.

रोड रॅशची १९९६ ची ती पीसी आवृत्ती स्टीम किंवा जीओजी या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांत कुठंच नाही. त्यात साउंडगार्डनसारख्या बँडची गाणी आहेत, आणि गाण्यांचे करार संपले की पुन्हा परवानगी घ्यावी लागते. ‘व्हाइस सिटी’ या दुसऱ्या जुन्या गेममधली काही गाणी नंतर त्यापायीच काढून टाकली गेली. तांत्रिक बाजू त्यामानानं सोपी. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीवरचे गेम, आजच्या कॉम्प्युटरवर ते चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये घालून जीओजी कधीचं विकतंय. लेखात हक्कांबद्दल एक ओळ तरी हवी होती.