उन्हाळा आला म्हणून टायरची हवा कमी करू नका
‘ऊन वाढलंय, टायर फुटू नये म्हणून चार-पाच पॉइंट हवा कमीच ठेवा’ हा सल्ला दर उन्हाळ्यात व्हॉट्सअॅपवर फिरतो. तो चक्क उलटा आहे. हवा कमी असलेला टायर चालताना जास्त दबतो, त्याच्या कडा सतत वाकतात आणि त्यातूनच तो तापतो; हायवेवर टायर फुटतात ते अनेकदा यामुळेच. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने (म्हणजे दीड ‘पॉइंट’ने) चढतो, हे खरं. पण गाडीच्या कंपनीने सांगितलेला हवेचा आकडा ही वाढ गृहीत धरूनच, थंड टायरसाठी दिलेला असतो. तो बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला सापडेल. (टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तेवढी हवा भरायची नसते.) सकाळी गाडी काढण्याआधी घरीच दाब मोजायचं गेज लावून बघा. स्टेपनीलाही.