गोगलगायीची गोष्ट सांगलीपर्यंत कशी आली

परवा शनिवारी वाचनालयात पोरांना एक जपानी गोष्ट सांगितली. एका गोगलगायीच्या अचानक लक्षात येतं की आपल्या पाठीवरच्या शंखात दुःखच दुःख भरलंय, ती घाबरून मैत्रिणीकडं जाते, म्हणते आता मी काही जगत नाही, तर मैत्रीण म्हणते अगं माझ्याही शंखात तेच आहे, मग ती दुसरीकडं जाते, तिसरीकडं जाते, सगळीकडं हेच उत्तर, आणि शेवटी तिचं रडू थांबतं. एवढीच गोष्ट. लिहिणारा नीमी नानकिची, १९४३ मध्ये गेला तेव्हा फक्त २९ वर्षांचा होता. गोष्ट संपल्यावर चौथीतली एक मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बाई, मग त्या सगळ्या एकत्र बसल्या का कधी?"

मला जपानी येत नाही. ही गोष्ट माझ्यापर्यंत आली ती दिल्लीत झालेल्या एका परिषदेमुळं. "बालसाहित्याच्या परिषदा भरवून काय होतं, पोरं मोबाईलच बघतात" असं परवाच एका ओळखीच्या शिक्षकांनी मला ऐकवलं, त्यांना तिथं नीट उत्तर देता आलं नाही म्हणून इथं लिहितेय.

सप्टेंबर १९९८. इंटरनॅशनल बोर्ड ऑन बुक्स फॉर यंग पीपल, मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, सगळे जिला इबी म्हणतात, तिची २६ वी काँग्रेस, म्हणजे परिषद, दिल्लीत भरली होती, विषय होता बालपुस्तकांतून शांतता. जपानच्या सम्राज्ञी मिचिको यांचं मुख्य भाषण होतं. पण त्याच वर्षी मे महिन्यात आपण पोखरणला अणुचाचण्या केल्या होत्या, जपान नाराज होता, त्यामुळं त्या आल्या नाहीत आणि त्यांचं भाषण व्हिडिओवर दाखवलं गेलं. त्यात त्यांनी राजघराण्याबद्दल नाही, आपल्या लहानपणच्या वाचनाबद्दल सांगितलं. लहानपणी कुणीतरी सांगितलेली ही गोगलगायीची गोष्ट त्यात होती. युद्धात त्यांना शहराबाहेर हलवलं होतं, वडील येताना मोजकी पुस्तकं आणायचे, त्यातल्या एकात जगभरातलं निवडक साहित्य होतं आणि रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची कविताही होती. म्हणजे अमेरिकेशी युद्ध चालू असताना एक दहा वर्षांची जपानी पोरगी अमेरिकन कविता वाचत होती, कारण कुणीतरी आधीच ती जपानीत आणून ठेवली होती. हे वाचताना मला खरंच भरून आलं.

इबी सुरू करणारी बाई तर मला आपल्या प्रत्येक शाळेत फोटो लावावा अशी वाटते. येला लेपमन, जर्मनीतली ज्यू पत्रकार, नवरा आधीच वारलेला, १९३६ मध्ये दोन मुलांना घेऊन इंग्लंडला पळाली. १९४५ ला अमेरिकन सैन्याची सल्लागार म्हणून परत त्याच जर्मनीत आली, काम काय तर बायका-मुलांसाठी काय करता येईल ते सुचवायचं. शहरं पडलेली, खायला नाही, आणि हिनं वीस देशांना पत्रं लिहिली की पैसे नाहीत पण तुमच्याकडची मुलांची चांगली पुस्तकं पाठवा, आम्हाला प्रदर्शन भरवायचंय. बेल्जियमनं आधी नाही म्हटलं, जर्मनांनी आमच्यावर दोनदा आक्रमण केलंय म्हणून. तिनं परत पत्र लिहिलं, की तिसऱ्यांदा तसं होऊ नये म्हणूनच तर मुलांपासून सुरुवात करूया. पुस्तकं आली! १९४६ च्या जुलैमध्ये म्युनिकला प्रदर्शन उघडलं, तेही हिटलरनं स्वतःला आवडणाऱ्या कलेसाठी बांधलेल्या इमारतीत. पुढं बर्लिनच्या मुलांसाठी तिनं एका झुंज न घेणाऱ्या बैलाची गोष्ट स्वतः अनुवाद करून साध्या वर्तमानपत्री कागदावर तीस हजार प्रती छापून घेतल्या आणि वाटल्या.

मग १९४९ ला म्युनिकमध्ये आंतरराष्ट्रीय बालवाचनालय, १९५१ च्या नोव्हेंबरात तिथंच पहिली मोठी बैठक, आणि १९५३ ला झुरिकमध्ये इबी. मुलांसाठी लिहिणाऱ्या-चित्रं काढणाऱ्यांना मिळणारा अँडरसन पुरस्कार, २ एप्रिलचा बालपुस्तक दिन, दर दोन वर्षांनी वेगळ्या देशात काँग्रेस, हे सगळं त्या एका बैठकीतून निघालं. ते म्युनिकचं वाचनालय आजही चालू आहे, सहा लाखांहून जास्त पुस्तकं आहेत तिथं.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे इबीची ऑनर लिस्ट. दर दोन वर्षांनी देशोदेशीच्या शाखा पुस्तकं सुचवतात, लेखनासाठी, चित्रांसाठी आणि अनुवादासाठी. अनुवादासाठी! आपल्याकडं अनुवादकाचं नाव कव्हरवर यायचीसुद्धा मारामार. आणि इटलीत बोलोन्याला १९६४ पासून मुलांच्या पुस्तकांचा मेळा भरतो, तिथं मुख्य काम चालतं राइट्सचं, म्हणजे पुस्तक दुसऱ्या भाषेत-देशात काढायच्या हक्कांचं, प्रकाशक छोट्या टेबलांवर समोरासमोर बसतात, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अपॉइंटमेंट, आणि नवे चित्रकार एका भिंतीवर आपली चित्रं चिकटवून ठेवतात, कुणीतरी बघेल म्हणून.

आता आपल्याकडं. मी एका जिल्ह्याच्या बालसाहित्य मेळाव्याला गेले होते, नाव सांगत नाही. ग्रंथदिंडी झाली, दीपप्रज्वलन झालं, मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग परत सत्कार, पोरं मांडवात दोन तास उकडत बसलेली. पुस्तकांचा स्टॉल एकच आणि तो चहाच्या मागं. दिवसभरात एकाही माणसानं दुसऱ्या भाषेतलं एकही पुस्तक हातात धरून "हे मराठीत आणूया का" असं म्हटलं नाही. शिकलेली, मनापासून आलेली माणसं होती सगळी, कुणी वाईट नव्हतं, पण कार्यक्रमच तसा आखला होता की बोलायला वेळ नाही.

आणि आपल्याकडं देण्यासारखं नाही असंही नाही ना. टाटा ट्रस्टचा मुलांच्या पुस्तकांसाठीचा बिग लिटल बुक अवॉर्ड २०१६ ला पहिल्यांदा दिला तेव्हा लेखनासाठी तो माधुरी पुरंदरेंना मिळाला, मराठीतल्या कामासाठी. माझ्या लहानपणी लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून रशियन पुस्तकं घरी आली, मॉस्कोत बसून मराठी माणसांनी अनुवाद केलेली, तो जाड गुळगुळीत कागद आणि बर्फातली पोरं मला अजून आठवतात. ते एका सरकारचं काम होतं, ते सरकार गेलं आणि पुस्तकंही बंद झाली. म्हणून म्हणते की हे लेखक, अनुवादक, ग्रंथपाल यांच्या एकमेकांच्या ओळखींवर उभं राहायला पाहिजे. ओळख तर भेटल्याशिवाय होत नाही, मेलवरनं फाईल पाठवली की उत्तरही येत नाही हा माझा अनुभव.

सांगलीपासून कर्नाटकची हद्द तासाभरावर. जपानी गोष्ट दिल्लीवरनं आमच्याकडं पोचली, पण माझ्या वाचनालयात कन्नडवरून आलेलं मुलांचं पुस्तक एकसुद्धा नाही. आमच्याकडं येणाऱ्या पोरांपैकी तिघांच्या आया घरी कन्नड बोलतात, बघा.

तर मी ठरवलंय. दिवाळीच्या सुट्टीत एक रविवार, वाचनालयातच, सतरंजी घालून. मंच नाही, सत्कार नाही. कन्नड येणारे शिक्षक, त्या तीन आया, मराठीत मुलांसाठी लिहिणारे, चित्रं काढणारे, जास्तीत जास्त वीस जण. येताना प्रत्येकानं मुलांचं एक पुस्तक आणायचं, त्याचं पहिलं पान मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं तिथंच मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगून बघायचं, पोरं समोर बसलेली असतील, ती लगेच सांगतात जमलं की नाही. बेळगाव, अथणी, विजापूरकडं कुणाची ओळख असेल, घरी जुनी कन्नड बालपुस्तकं असतील, तर इनबॉक्स करा. चहा-पोह्यांचं मी बघते.