कोर्टाला हा अधिकार कुणी दिला म्हणे!

आईच्या भिशीच्या ग्रुपवर परवा एक लांबलचक मेसेज आला. सार असं: संसदेचा कायदा रद्द करायचा अधिकार घटनेत कुठेच नाही, तो कोर्टाने १९७३ मध्ये बळकावला, लोकांनी निवडून दिलेल्यांच्या कामात न निवडलेल्यांनी पडू नये, आणि कोर्ट सरकारचं प्रत्येक काम अडवतं. आईने तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंय. तिनेच "खरंय का गं हे?" विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

'घटनेत कुठेच नाही' लिहिणाऱ्याने घटना उघडलेलीच नाही. अनुच्छेद १३ म्हणतो, मूलभूत हक्क हिरावणारा कायदा राज्याने करायचा नाही. केलाच, तर तो तेवढ्यापुरता शून्यवत. त्यासाठी दाद मागायची सोय अनुच्छेद ३२ मध्ये आहे, ज्याला बाबासाहेबांनी घटना समितीत घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. आणि १९७३ कशाला? मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली, ती ज्या कायद्याच्या कलमाखाली घातली होती, त्या कलमासकट सर्वोच्च न्यायालयाने उडवली, २६ मे १९५० ला. घटना लागू होऊन तेव्हा बरोबर चार महिने झाले होते.

एक मात्र मान्य करते. 'मूलभूत चौकट', म्हणजे संसदेला घटनादुरुस्ती करूनही मोडता येत नाही असा घटनेचा गाभा, हे शब्द घटनेत नाहीत. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सात विरुद्ध सहा अशा काठावरच्या बहुमताने ते आले. त्यावर वाद घाला, जरूर घाला.

पण 'निवडून दिलेल्यांच्या कामात पडू नये' हे वाचून हसावं की रडावं? जून १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. अपिलाची सुनावणी सोमवारी, ११ ऑगस्टला होती. गुरुवारी लोकसभेने ३९ वी घटनादुरुस्ती मंजूर केली, शुक्रवारी राज्यसभेने, शनिवारी राज्यांच्या विधानसभांनी, रविवारी राष्ट्रपतींची सही! काय होतं त्यात? पंतप्रधानांच्या निवडणुकीला कोर्टात आव्हानच द्यायचं नाही, आणि आधी लागलेला निकालही रद्द. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार त्या वेळी तुरुंगात. हे सगळं निवडून आलेल्यांनीच केलं, रीतसर, बहुमताने. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खंड रद्द केला. इंदिराजींची निवड मात्र त्याच निकालात टिकली, कारण निवडणूक कायदाही मागच्या तारखेपासून बदलून ठेवला होता. म्हणजे कोर्टाने फार मोठं शौर्य गाजवलं असंही नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तर याच कोर्टाने नऊ उच्च न्यायालयांचं मत फिरवून आणीबाणीतल्या स्थानबद्धांना दादच नाकारली. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात राहिले. मेसेजवाल्याला कोर्टावर रागवायचंच असेल तर त्या निकालावर रागवावं. तिथे कोर्ट 'पडलं' नव्हतं.

राहिलं 'प्रत्येक काम अडवतं'. आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण २०२२ मध्ये टिकलं, नोटबंदी २०२३ मध्ये टिकली, ३७० चा निर्णयही त्याच वर्षी टिकला. निवडणूक रोखे २०२४ मध्ये गेले, तेवढेच बहुधा मेसेजवाल्याच्या लक्षात राहिलेत.

आई, हे भिशीच्या ग्रुपवर टाक. माझं नाव नको घालूस, मावशी लगेच फोन करेल.