कळत नाही, की कळून घ्यावंसं वाटत नाही?

टोमणा लक्षात आला नाही, घरातल्या कुणाचा चेहरा उतरलाय हे दिसलं नाही, की आपला निकाल तयार असतो: ‘आता वय झालं, माणसं कळत नाहीत त्यांना.’ हा निकाल घाईचा आहे आणि त्याची किंमत ज्येष्ठांना मोजावी लागते. त्यांना मग कुणी काही विचारेनासं होतं.

दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या चाचण्यांमध्ये ज्येष्ठांना तरुणांपेक्षा सरासरी कमी गुण मिळतात, हे खरंच आहे. पण या चाचण्या कशा असतात तेही बघा. मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांच्या प्रसिद्ध चाचणीत (२००१ ची सुधारित आवृत्ती) ३६ फोटो असतात. प्रत्येकात अनोळखी माणसाचे फक्त डोळे दिसतात आणि भावना ओळखायला चार शब्दांचे पर्याय असतात. ना आवाज, ना प्रसंग, ना नातं. सतत परीक्षा देणारा विद्यार्थी इथेही जीव ओततो. सत्तरीच्या माणसाने तो का ओतावा?

दुसऱ्याचं मन ओळखताना आधी स्वतःला काय वाटतं, काय माहीत आहे, ते बाजूला ठेवावं लागतं. त्याला मेहनत पडते, आणि वयानुसार ती वाढते. मानसशास्त्रज्ञ थॉमस हेस यांनी बौद्धिक काम करताना वरचा रक्तदाब किती चढतो यावरून ही मेहनत मोजली. त्यांचं म्हणणं असं की श्रम महाग पडू लागले की माणूस ते निवडून खर्च करतो. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन वेगळ्या वाटेने जवळपास इथेच येतात: पुढचा काळ थोडा वाटू लागला की माणूस मोजक्या, जिव्हाळ्याच्या नात्यांकडे वळतो. म्हणूनच समोर जवळचं माणूस असलं, विषय स्वतःच्या आयुष्याशी जोडलेला असला किंवा आपल्या मताची जबाबदारी आपल्यावर असली, तर तरुण-ज्येष्ठांमधला फरक कमी झाल्याचं काही प्रयोगांत दिसलं आहे. माझ्या मते ही अत्यंत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि घरोघरी तिचा उपयोग करता येतो.

त्यासाठी आधी कारण सांगा, मग प्रश्न विचारा. ‘ती का रागावली असेल, ओळखा पाहू’ म्हणालात की परीक्षा सुरू होते, आणि वयाची परीक्षा आहे असं वाटलं की दडपणानेच उत्तर बिघडतं. ‘उद्या तिच्याशी बोलायचंय, कुठून सुरुवात करू?’ असं विचारलंत, तर त्या माणसाच्या मताला काम मिळतं. उत्तर आल्यावर त्यातलं काय वापरलं हेही नंतर सांगा. सल्ला विचारून तो वाऱ्यावर सोडला, तर पुढच्या वेळी कुणी मेहनत घेणार नाही, आणि का घ्यावी?

अर्थात नुसत्या इच्छेने सगळं होत नाही. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात. गोंगाटात तर वाक्याचा अर्थच बदलतो. अशा वेळी टोमणा ‘कळला नाही’ असं वाटतं, पण तो पोहोचलेलाच नसतो. टीव्ही बंद करा, साधारण एक मीटरवर समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या (पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळवंडतो) आणि एका वेळी एकानेच बोला. अवघड बोलणं शक्यतो सकाळी करा. बऱ्याच ज्येष्ठांची एकाग्रता तेव्हा चांगली असते. श्रवणयंत्र असेल तर ते लावलंय ना, बॅटरी चालू आहे ना, हे आधी बघा. अगदी साधी गोष्ट, पण तीच राहून जाते.

मग तुलना करा, पण तरुणाशी नको. त्याच माणसाची, दोन प्रसंगांतली. परक्यांच्या गप्पांत हरवणारी व्यक्ती नातवाचा आवाज ऐकून ‘काय झालं रे?’ विचारत असेल, तर समज शाबूत आहे. ती कुठे वापरायची हे ती व्यक्ती ठरवते आहे.

उलट, जिवलगांच्या दुःखाचंही काही वाटेनासं झालं, पूर्वी जपणारा माणूस चारचौघांत लागेल असं बोलू लागला, आवडीच्या गोष्टीतला रस गेला आणि हे काही महिने टिकून असेल, तर ‘मनच नाही त्यांचं’ म्हणून सोडून देऊ नका. यामागे नैराश्य असू शकतं, किंवा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजत जाण्याचा आजार), जो बऱ्याचदा ४५ ते ६५ या वयातच सुरू होतो आणि त्यात स्मरणशक्ती सुरुवातीला बरी असू शकते. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना बदल कधीपासून आहे, कुणासोबत दिसतो, आधी स्वभाव कसा होता, हे लिहून न्या, आणि रोज सोबत राहणारं कुणीतरी बरोबर असू द्या. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात रुग्णाला स्वतःतला बदल अनेकदा जाणवतच नाही.