खुलासा : मोहन आगाशे, मोहन गोखले आणि मोहन जोशी हे तीन वेगळे नट

'घाशीराममधले नाना, मिस्टर योगी आणि गंगाजलमधला साधू यादव, सगळे मोहन जोशीच' असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. हे चूक आहे.

1972 साली 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस उभे केले ते डॉ. मोहन आगाशे यांनी. ते मानसोपचारतज्ज्ञही आहेत. दूरदर्शनवरचा 'मिस्टर योगी' म्हणजे मोहन गोखले. त्यांचं 1999 मध्ये 'हे राम'चं चित्रीकरण चालू असताना निधन झालं आणि त्या चित्रपटातली त्यांची भूमिका पुढे अतुल कुलकर्णींनी केली. इतक्या ताकदीच्या नटाचं काम दुसऱ्याच्या नावावर जाणं फार वाईट वाटतं.

साधू यादव मात्र खरंच मोहन जोशींचा. त्याच 'गंगाजल'मध्ये (2003) डीआयजी वर्मा आहेत मोहन आगाशे. श्रेयनामावलीत दोन्ही नावं वेगवेगळी दिसतात.

सगळ्यात जास्त घोळ 'मोहन जोशी हाजिर हो!'मुळे (1984) होतो. त्यातला मोहन जोशी हे पात्र आहे, ते साकारलं भीष्म साहनींनी. त्या चित्रपटात मोहन गोखले आहेत!

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.