दोन डॅनिश, तीन चायनीज

आमच्या चाकणच्या कारखान्यात मध्यंतरी आठ परदेशी पाहुणे आले होते. त्यांच्या जेवणाची मेल कँटीनला पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझं इंग्रजी बरं आहे असा साहेबांचा समज आहे. हा समज मी गेली ११ वर्षं फार जपलाय.

कुठले किती, एवढंच कळवायचं होतं. इंडियन्स, जर्मन्स, अमेरिकन्स हे शाळेपासून पाठ. शेपटाला 'स' लावला की अनेकवचन तयार! त्या हिमतीवर 'थ्री चायनीजेस' टाइप केलं, तर खाली लाल नागमोडी रेघ. घरी फोन लावला. लेक नववीत आहे, इंग्रजी माध्यमात.

"बाबा, चायनीज, जपानीज, स्विस यांना स लागत नाही. एक असो की दहा, शब्द तोच."

"म्हणजे दोन डॅनिश चालेल?"

"नाही! डॅनिश हे विशेषण. माणूस डेन, दोन डेन्स. पोलिशचा पोल. स्पॅनिशचा स्पॅनियर्ड. टर्किशचा टर्क."

टर्किश म्हटलं की मला टॉवेलच आठवतो, पण ते बोललो नाही. "इंग्लिशचा मग इंग्ल?"

"इंग्लिशमन. अनेकवचन इंग्लिशमेन."

"तसंच जर्मनचं जर्मेन?"

तिने फोन ठेवला.

पुढचा पाहुणा नेदरलँड्सचा. देश नेदरलँड्स, माणूस डच! लग्नानंतर नाव बदलल्यासारखं. 'वन डचमन' लिहून टाकलं, मग यादी पाहिली तर ती बाई. 'टू पोल्स' लिहिलं तर डोळ्यांसमोर महावितरणचे दोन खांब जेवायला बसलेले दिसू लागले. 'पोलिश' करावं तर स्पेलिंग बुटाच्या पॉलिशचं. फरक काय तो पहिल्या मोठ्या अक्षराचा, आणि आमच्या कँटीनमध्ये मोठ्या अक्षराला कोण विचारतो? एक वाजत आला होता. सगळे स काढून टाकले आणि मेल धाडली: 'टू डॅनिश, थ्री चायनीज, टू पोलिश, वन डच, फॉर लंच.'

कँटीनच्या मामांनी मेल अक्षरशः पाळली. बेकरीतून दोन डॅनिश पेस्ट्र्या आणल्या. गेटसमोरच्या गाडीवरून तीन प्लेट चायनीज आणलं. पोलिशबद्दल त्यांनी हाउसकीपिंगला निरोप दिला. डच म्हणजे काय ते न कळल्यामुळे तेवढं वगळलं.

पाहुणे समंजस होते. तिन्ही चिनी पाहुण्यांनी त्या लालभडक नूडल्सकडे बराच वेळ पाहिलं आणि हे कुठल्या देशाचं जेवण आहे, असं अदबीने विचारलं.

रात्री चिडून शोधाशोध केली तेव्हा कळलं, की 'चायनीजेस' हा शब्द खुद्द थोर इंग्रज कवी मिल्टनने वापरलाय, १६६७ च्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये. मी लेकीला उठवून दाखवलं. "त्याचा पेपर आमच्या मिसने तपासला नाही ना," ती म्हणाली आणि कूस बदलली.

आपले मराठेशाहीतले रामचंद्रपंत अमात्य यात सुखी. 'आज्ञापत्र' या राजनीतीवरच्या ग्रंथात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासिस, डिंगमार अशी नावं घेऊन त्यांनी सगळ्यांना मिळून 'टोपीकर' म्हटलंय. वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डॅनिश. एक टोपीकर, दहा टोपीकर; स नाही, मेन नाही, लाल रेघ तर नाहीच. पण मेलमध्ये 'एट टोपीकर्स' लिहायची सोय नाही, आणि बघा, तिथेही स लावलाच मी.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच वही घेऊन टेबलाशी आले.

"साहेब, देश राहू द्या. तिखट खाणारे किती, तेवढं सांगा."

मी जाऊन विचारून आलो. एकच होती, ती डच बाई. तिला मिसळ हवी होती.